मापसाहेबांची मोठी चाकं

गाडीला काही झालेलं नव्हतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. चारही टायर धडधाकट होते, त्यांच्यावरची नक्षी शाबूत होती, हवा बरोबर होती. झालं ते साडूंमुळे. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि हे नातं ज्यानं कुणी काढलं त्यानं माणसाला फार सुखात राहू द्यायचं नाही एवढ्याच हेतूनं काढलं असावं. मापसाहेबांनी हौसेनं घेतलेली छोटी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांनी ओढणारी गाडी, बघायला साडू आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "गाडी छान आहे हो. फक्त चाकं तेवढी बाळाच्या ढकलगाडीची बसवलीत का?"

साडूंकडे स्वतःची थोरली जीप होती. तिच्यात चढताना माणसाला आपण किल्ल्यावर चाललोय असं वाटे. त्यामुळे त्यांना बोलायचा अधिकार होता, आणि तेच मापसाहेबांना जास्त लागलं.

मापसाहेब हे अर्थातच खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि हे नाव त्यांना बाजारानं बहाल केलं होतं. किराणावाल्याचा तराजू, कापडवाल्याची मीटरपट्टी, दूधवाल्याचं माप, सगळ्यांवर त्यांची नजर. इतर लोक खिशात कंगवा ठेवतात तशी ते स्टीलची टेप ठेवत. दुकानदारांनी पुढे केलेला चहा ते कधी घेत नसत. एकानं फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी कप आतून मोजला आणि हा पूर्ण कप म्हणून विकता की अर्धा, अशी चौकशी केली होती. शहरातलं कुठलंही गिऱ्हाईक निर्धास्तपणे पिशवी पुढे करतं ते आपल्यामुळे, असं त्यांना मनापासून वाटे. खरं सांगायचं तर ते बरंचसं खरंही होतं.

नवी गाडी घरी आली तेव्हासुद्धा पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक चोरी पकडली. वेगाचं मीटर असतो त्यापेक्षा किंचित जास्त वेग दाखवत होतं.

"साहेब, सगळ्याच गाड्यांना तसं ठेवतात," शोरूमवाला म्हणाला. "चालवणारा जरा सांभाळून राहतो."

मापसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी का असेना, खोटं ते खोटं. त्यांनी मीटरवाल्याकडे खेटे घालून ते बिनचूक करून घेतलं आणि मग पार्किंगमध्ये दिसेल त्याला थांबवून सांगायला सुरुवात केली की या शहरात खरं बोलणारं मीटर एकच आहे. लोक मान डोलवत आणि लिफ्टकडे पळत.

तर अशा माणसाच्या गाडीला कुणी ढकलगाडी म्हटलं. दोन-चार दिवस मापसाहेब येताजाता चाकांना टेप लावून बघत होते. मग एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की गाडीला मोठे टायर घालायचे. रस्ता सोडून रानावनात जाणाऱ्या गाड्यांचे, दातेरी, दांडगे.

"आपण कधी जातो रानात?" बायकोनं विचारलं.

"गेलो तर?"

"गेलो तर मी घरी असेन," बायको म्हणाली आणि तिनं विषय मिटवला. पण असे विषय मिटत नसतात. ते फक्त स्वयंपाकघरातून पार्किंगमध्ये जातात.

पार्किंगमध्ये सल्ला देणाऱ्यांची ददात नव्हती. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, टायरचे दात जितके खोल तितकी पकड चांगली. हे ते धंद्याच्या अनुभवावरून सांगत होते. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी आयुष्यात सायकलसुद्धा घेतली नव्हती, त्यामुळे त्यांची मतं सर्वांत ठाम होती. "मोठं चाक म्हणजे हळू गाडी," ते म्हणाले, "लिहून ठेवा." डॉक्टर म्हणाले, छे, मोठं चाक म्हणजे जोरात गाडी. दोघांची जुंपली. मापसाहेब मध्ये उभे राहून दोघांनाही चाकाच्या एका फेरीला किती अंतर ते समजावू लागले. तेवढ्यात डॉक्टरांचा पेशंट आला आणि मुख्याध्यापकांचं दूध उतू गेलं.

खरी गंमत टायरवरच्या आकड्यांनी केली. टायरच्या अंगावर तीन आकडे छापलेले असतात. पहिला रुंदीचा, तो मिलिमीटरमध्ये. शेवटचा आतल्या रिमचा, तो इंचांत. मधला उंचीचा, आणि तो कशातच नाही. रुंदीच्या इतके टक्के म्हणजे उंची, असं आपलं आपण समजून घ्यायचं. हे कळल्यावर मापसाहेब खुर्चीतून उठले.

"एका वस्तूवर तीन मापं आणि तीन जातींची?" ते बायकोला म्हणाले. "उद्या भाजीवाला म्हणाला, दोन किलो बटाटे, त्याच्या साठ टक्के कांदे आणि तीन इंच मिरच्या, तर मी त्याला हातगाडी लावू देईन का?"

"तीन इंचच घेते मी मिरच्या," बायको म्हणाली. "लांब असल्या की तिखट कमी असतात."

आपल्या घरातच हे चाललंय म्हटल्यावर मापसाहेबांनी पुढे बोलण्यात अर्थ नाही असं ठरवलं.

टायरवाला हा पोटानं आणि आवाजानं सारखाच मोठा गृहस्थ होता. दुकानात टायरची उतरंड लावून तो मधोमध बसलेला असे आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे टायर हाच उपाय होता. त्यानं मापसाहेबांना आपादमस्तक न्याहाळलं.

"साहेब, गाडी चालवायचीय की दाखवायचीय?"

"दोन्ही."

"मग थोडे मोठे घ्या, नाहीतर एकदम मोठे घ्या. थोडे मोठे घेतलेत तर तुम्हालाच कळेल. एकदम मोठे घेतलेत तर सगळ्यांना कळेल."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्याच्या डोळ्यांसमोर साडू नव्हते. मापसाहेबांच्या होते. तरीही ते माणूस मापाचे. त्यांनी रुमाल पसरला, त्यावर आडवे झाले आणि टेप घेऊन गाडीच्या पोटात शिरले. येणाऱ्याजाणाऱ्यांना रस्त्यावर फक्त दोन पाय दिसत होते. एका बाईनं पाणी आणू का, असं विचारलंसुद्धा. आतून मिलिमीटरचे आकडे ऐकू येत राहिले.

"एकदम मोठा बसतो," बाहेर येऊन कपडे झटकत ते म्हणाले. "मडगार्ड आणि टायरमध्ये जागा उरते."

"आत्ता उरते," टायरवाला म्हणाला. "गाडी रिकामी आहे. घरची मंडळी बसली की गाडी खाली दबते."

"आमच्या घरची मंडळी मापात आहेत," मापसाहेब म्हणाले.

झालं. चार टायर चढले, पाचवा मागच्या दारावर. जुने पाच घरी आले आणि गॅलरीत मुक्कामाला बसले. कपडे वाळत घालायला जाणाऱ्या बायकोला रोज त्यांना वळसा घालावा लागे. ती तो वळसा जरा आवाज करत घाली.

गाडी मात्र बदलली होती. काल शाळेत जाणारं पोर आज अचानक मिशा फुटून दारात उभं राहावं, तशी ती दिसत होती. मापसाहेब गॅलरीतून तिला बघत, जिन्यातून बघत, ऑफिसात गेल्यावर मनातल्या मनात बघत. सकाळी उठून त्यांनी टायर ब्रशनं घासून लख्ख केले, तर डॉक्टर म्हणाले, "अहो, असल्या टायरना चिखल शोभतो. स्वच्छ टायर म्हणजे नवा नवा माणूस." हे पटलं. शहरात चिखल कुठे मिळायचा म्हणून त्यांनी बायकोच्या कुंडीतली ओली माती घेऊन चारही टायरना थापली. मुख्याध्यापक म्हणाले, "हे काय, गाडीला लेप?"

अडचणी नव्हत्या असं नाही. आईला गाडीत चढायला स्टूल लागू लागलं. स्टुलावर चढल्यावर ती देवाचं नाव घ्यायची, आत बसल्यावर पुन्हा घ्यायची, आणि उतरायची वेळ आली की "मला इथेच जेवायला द्या" म्हणायची. मुलगी कॉलेजला जायची, ती म्हणाली, "बाबा, गाडीतून भुंगा मागे लागल्यासारखा आवाज येतो." तो टायरच्या दातांचा होता, तो चालतो. पण सगळं घर आत बसलं आणि गाडी डावीकडे वळवली की मडगार्डातून एक लांब 'खर्रर्र' असा आवाज येई. तो चालण्यासारखा नव्हता. मापसाहेबांनी यावर उपाय काढला. डावीकडे वळायचं असलं की "उजवीकडे सरका" असं ते फर्मावत आणि आई, बायको, मुलगी निमूटपणे उजवीकडे कलंडत.

"मापात आहोत ना आम्ही?" कलंडलेल्या अवस्थेत बायको विचारी.

आणि मग रविवारी त्यांनी साडूंना फिरायला बोलावलं.

साडू आले, टायर बघून थबकले, वाकले, एका दातावरून बोट फिरवलं. कुंडीतली माती बोटाला लागली. ती त्यांनी बघितली, पण मान्य करायलाच हवं, ते काही बोलले नाहीत. मापसाहेबांनी ती शांतता कानात साठवून घेतली. साडू मागच्या सीटवर डाव्या अंगाला बसले. ते मापात नव्हते. गाडी मोठ्या रस्त्याला लागली, भुंगा गुणगुणू लागला. मीटरमधला काटा ऐंशीच्या मर्यादेच्या किंचित आत होता, आणि मापसाहेब साडूंना आरशातून सांगत होते की इतर गाड्यांची मीटरं कशी थापा मारतात आणि आपलं कसं बिनचूक आहे.

समोर वाहतूक पोलिसानं हात केला. डावीकडे घ्या.

'खर्रर्र' करत गाडी डावीकडे गेली आणि थांबली. पोलिसाच्या हातात वेग मोजायचं मशीन होतं. "पंच्याऐंशी," तो म्हणाला.

मापसाहेब हसले. फार दिवसांनी त्यांना कामाच्या दिवशीचा आवाज लावायची संधी रविवारी मिळाली होती. ते खाली उतरले. "या मशीनची तपासणी शेवटची कधी झाली होती? शिक्का आहे का? कुणी तपासलं?" असं त्यांनी एकामागून एक विचारलं, अगदी बाजारात विचारत तसं.

पोलिसानं मशीन उलटं केलं. पाठीवर खात्याचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली सही होती. मापसाहेबांनी वाकून पाहिली. ती त्यांची स्वतःची होती.

त्यांना सगळं आठवलं. मशीन तपासताना याच पोलिसाला त्यांनी भर उन्हात उभं केलं होतं, शंका राहू नये म्हणून सगळी चाचणी दोनदा घेतली होती, आणि सही करताना म्हणाले होते, आता हे यंत्र देवाच्या दरबारातही खरं ठरेल. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर जातं. मीटर बिचारं फेऱ्या मोजतं, त्याला चाक वाढलंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. मुख्याध्यापक आणि डॉक्टरांना हे समजावायला ते पार्किंगमध्ये उभे राहिले होते, आणि स्वतःलाच सांगायचं विसरले. वर कंपनीनं सावधगिरी म्हणून ठेवलेली सूट त्यांनीच खोटी म्हणून काढून टाकली होती. शहरातलं एकमेव खरं मीटर आता खोटं बोलत होतं.

पोलिसानंही त्यांना ओळखलं. तो ओशाळला. "साहेब, तुम्ही होय. जाऊ द्या हो. मशीन चुकलं असेल."

"हां, तेच तर," गाडीतून साडू म्हणाले. "चुकतात मशीनं. चला."

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची होती. पण मापसाहेबांची मान असल्या कामाला कधी वळलीच नव्हती.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यावर माझी सही आहे. माझी गाडी चूक आहे. दंड करा."

"साहेब, कशाला..."

"करा म्हणतो ना."

परतीच्या वाटेवर दाबलेल्या हसण्यानं साडूंचं पोट हलत होतं, हे आरशात दिसत होतं.

सोमवारी बाजाराला सगळं कळलेलं होतं. कसं कळलं ते विचारू नये, बाजाराला कळतं. भाजीवाल्या पदर तोंडाला लावत होत्या. कापडवाला उगाचच मीटरपट्टी पुसत होता. नाक्यावरचा किराणावाला तर उभा राहिला. हा गडी जुना दुखावलेला. केसभर फरकासाठी मापसाहेबांनी त्याच्या तराजूवर एकदा लाल पट्टी चिकटवली होती, 'हे उपकरण वापरू नये' म्हणून, आणि अख्खा दिवस दुकान बंद राहिलं होतं.

"साहेब," तो गोड आवाजात म्हणाला, "मला तेव्हा तुम्ही म्हणालात, माहीत नव्हतं हे उत्तर चालत नाही. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

मापसाहेब तराजू न तपासताच पुढे गेले. असं त्यांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. घरी येऊन ते गॅलरीत जुन्या टायरवर बसले. टायर परत बदलले असते, मीटर गुपचूप दुरुस्त करून आणलं असतं, तर कुणी काही म्हणालं नसतं. पण उद्या कुणाच्या दुकानात शिरून तराजूला हात लावायचा तो कुठल्या तोंडानं? बायकोनं चहा आणून दिला आणि यावेळी वळसा न घालता शेजारच्या टायरवर बसली.

"टायर काढायचे का?" तिनं विचारलं.

"टायरचा काय दोष?" मापसाहेब म्हणाले. "टायर मापाचे आहेत. खटला माझ्यावर व्हायला हवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच वरिष्ठांसमोर उभं राहून आपल्यावर कारवाई करण्याची विनंती केली. वरिष्ठांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, मीटर गाडीला जोडलेलं आहे, म्हणजे परिवहन खातं. परिवहन खात्यात खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, टायर आमचा, पण मीटर म्हणजे माप, म्हणजे वजनमापे खातं. मापसाहेब परत आले. वरिष्ठ म्हणाले, विकायला वापरता का? नाही ना? मग आमचं नाही. पुन्हा खिडकी. बाईंनी विचारलं, अपघात झालाय का? झाला की या. एवढा प्रामाणिक गुन्हेगार घेऊन मापसाहेब दोन कचेऱ्यांमध्ये हेलपाटे घालत होते आणि कुणी त्याला आत घ्यायला तयार नव्हतं. दुकानदारांवर खटला भरायला कुणी इतकी टाळाटाळ केली असती तर त्यांनी मिठाई वाटली असती.

शेवटी त्यांनी निकाल आपल्या हाती घेतला. बाजाराच्या दिवशी सकाळी छोटी फोर-बाय-फोर चौकात येऊन उभी राहिली. आत आई होती. तिला दवाखान्यात सोडायचं होतं, आणि एकदा चढल्यावर ती मध्येच उतरणार नव्हती.

"चौकापासून पुलापर्यंत बरोबर दोन किलोमीटर आहेत," मापसाहेब मोठ्यानं म्हणाले. "खात्याच्या मोजणीच्या साखळीनं मी स्वतः मोजलेत. ज्याला माझं मीटर तपासायचंय त्यानं गाडीत बसावं."

लोक एकमेकांना पुढे ढकलू लागले. मग किराणावाला गल्ल्याला कुलूप लावून आला. तो पुढे बसला, चष्मा लावला, आणि पुलापर्यंत त्यानं मीटरवरची नजर हलवली नाही. पापणीसुद्धा जपून लववत होता. पूल आला तेव्हा मीटरमधल्या अंतराच्या आकड्यात दोन किलोमीटर अजून पुरे व्हायचे होते.

"कमी आहे," किराणावाला म्हणाला. त्याच्या आवाजात जो आनंद असायला हवा होता तो का कोण जाणे नव्हता.

"किती?"

त्यानं आकडा सांगितला. मापसाहेबांनी मान हलवली. परत येऊन त्यांनी चौकात, सगळ्यांसमोर, मीटरच्या काचेवर लाल पट्टी चिकटवली. हे उपकरण वापरू नये.

"मग आता गाडी?" कापडवाल्यानं विचारलं.

"जे उपकरण वापरायचं नाही ते वापरायचं नाही," मापसाहेब म्हणाले. "ढकलत नेणार. मीटरवाल्यापर्यंत."

मीटरवाल्याचं दुकान बाजाराच्या वरच्या टोकाला, चढावर. मापसाहेबांनी दार उघडं ठेवून एक हात स्टिअरिंगला लावला, खांदा दाराला लावला आणि ढकलायला सुरुवात केली. गाडी इंचभर हलली. एकदम मोठे टायर होते, आणि आत आई होती.

"अरे, मी उतरू का?" आईनं विचारलं.

"तू बस गं. दवाखान्यात नंतर सोडतो."

मग मागून जोर आला. वळून पाहिलं तर किराणावाला होता. त्याच्या शेजारी कापडवाला, दोन भाजीवाल्या, दूधवाला. तेवढ्यात साडूंची जीप येऊन थांबली. बहुतेक बायकोनं फोन केला असावा. साडू दोर घेऊन उतरले.

"बांधू का मागे?"

"नको. इंजिननं ओढलेलं मला चालणार नाही."

साडूंनी दोर जीपमध्ये टाकला, बाह्या सारल्या आणि ते डाव्या मागच्या चाकाशी खांदा लावून ढकलू लागले. थोड्या वेळानं धापा टाकत म्हणाले, "चाकं फार जड आहेत हो तुमची."

"मोठी आहेत ना," मापसाहेब म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना इतकं बरं वाटलं की चढ अर्धा झाल्यासारखा वाटला.

असा तो सगळा लवाजमा भर बाजारातून चालला. आई खिडकीतून ओळखीच्या बायकांची विचारपूस करत होती. दुकानांतून लोक बाहेर आले होते. हसत होते, पण सोमवारचं हसणं वेगळं होतं आणि हे वेगळं, हे मापसाहेबांना न मोजताही कळत होतं. त्यांची मान ताठ होती. पाठही ताठ ठेवली असती, पण ढकलताना ते जमत नाही.

मीटरवाल्याची पाटी दिसू लागली तेव्हा किराणावाला मागून पुढे आला आणि मापसाहेबांच्या शेजारी दाराला खांदा लावून ढकलू लागला. घामानं निथळत होता.

"साहेब, उद्या दुकानात या," तो शेवटी म्हणाला.

"का?"

"माझा तराजू बघून घ्या. बरोबर असेल. पण तुम्ही बघितलात म्हणजे मला बरं वाटेल."

मापसाहेबांनी उभ्या नोकरीत शेकडो दुकानांची दारं ठोठावली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, कधीच नव्हतं.

"सकाळीच येतो," ते म्हणाले. आणि समोर रस्ता मोकळा असताना, कुणालाही बाजूला व्हायचं नसताना, त्यांनी आत हात घालून एकदा लांबलचक हॉर्न वाजवला.